उतारावर उभी केलेली मॉरिस

मी एक जुनी मॉरिस मायनर बोलते आहे. जे सांगणार आहे ते गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वयाची गाडी बोलू लागली की लोकांना वाटतं, आता घाटातली सहल येणार, वरातीतली झेंडूची माळ येणार. तेही माझ्या आयुष्यात होतं. पण पाच वर्षांपूर्वी मी एक डूख धरला, आणि तेव्हापासून माळाबिळा काही आठवत नाहीत.

सध्या मी पंचकुल्यात, एका घराच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, विटांच्या चार थप्प्यांवर उभी आहे. इंजिन शाबूत आहे, बॅटरी नवी आहे, टाकीत पेट्रोल आहे. तरीही दोन वर्षांत मी एकदाही सुरू झालेले नाही. मला सुरू व्हायचं नाही, की मला सुरू होताच येत नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. शंका काढण्याची ही खोड मला मालकांकडून लागली. या खोडीपायीच सगळं घडलं.

माझा जन्म १९५१ सालचा, इंग्लंडमधला. बोटीनं मुंबईला उतरले आणि खडकीच्या एका लष्करी डॉक्टरांकडे गेले. सतरा वर्षं त्यांनी मला जपलं. दोनच दारं, गोल पाठ, आणि दारामागच्या खांबांत दडवलेले दोन छोटे हात. वळायचं असलं की त्या बाजूचा हात टक् करून बाहेर येतो, त्यात पिवळा दिवा लागतो. आजच्या गाड्या नुसते डोळे मिचकावतात. मी हात दाखवते.

१९६८ साली मला डॉक्टर गुरुनाथ सबनीस यांनी घेतलं. हे औषधांचे डॉक्टर नव्हेत, भिंगांचे. चंडीगडला सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांना नोकरी लागली होती. नवी नवरी, दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह घेऊन आम्ही पुण्याहून निघालो. पाच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी, कुठल्याशा ओसाड फाट्यावर, पद्मिनीबाईंनी विचारलं, "अहो, आपण बरोबर रस्त्याला आहोत ना?"

"बहुतेक," साहेब म्हणाले.

रस्ता बरोबर होता. ते साहेबांनाही ठाऊक होतं, दोनदा नकाशा पाहून झाला होता. पण 'हो' हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघत नसे. भिंगाची जाडी सांगतानासुद्धा पुढे 'अधिक-उणे इतकं' असं जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. प्रयोगशाळेत याला काटेकोरपणा म्हणत. घरात काय म्हणत ते वेगळं.

त्यांची आणखी एक गंमत होती. तेव्हा मी तिला गंमत म्हणत असे. माझं दार लावून ते दहा पावलं जात, परत येत, दार ओढून पाहत. पुन्हा जात, पुन्हा येत. हात आपलं काम करून मोकळे होत, मन मात्र कुठल्यातरी आकडेमोडीत असे, त्यामुळे आपण दार लावलं की नाही हे त्यांना खरोखरच आठवत नसे. चौथ्या खेपेला पद्मिनीबाई ओरडत, "लावलंत हो! मी बघितलं. या आता."

साहेबांच्या बरोबरीच्या लोकांनी पुढे नव्या चकचकीत गाड्या घेतल्या. साहेबांनी मला सोडलं नाही. पंचकुल्यात घर बांधलं, त्यानंतर रोज सकाळी मी त्यांना सेक्टर तीसला नेई आणि संध्याकाळी परत आणी. शोभेची वस्तू म्हणून नाही, रोजच्या कामाची गाडी म्हणून. याचा मला गर्व होता.

दुखणी मात्र लागली होती. दोन मोठी. एक म्हणजे सेल्फ मारून सुरू होण्याचं बळ गेलं. उतार मिळाला तर मी आपोआप गडगडत सुरू होई, नाहीतर मागून धक्का. दुसरं म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूनं तेल ठिबके.

आता चंडीगड म्हणजे पाटासारखं सपाट गाव. उतार आणायचा कुठून? साहेबांनी एक शोधून काढला. प्रयोगशाळेपासून फर्लांगभरावर नाल्यावरचा एक पूल होता, त्याच्या पलीकडे रस्ता छान खाली उतरायचा. रोज ते मला तिथे, तोंड खाली करून, उभी करत. मग चाकाखाली वीट. मग मागच्या सीटवरून तुपाचा एक रिकामा पिवळा डबा काढून माझ्या पोटाखाली सरकवत, म्हणजे तेल त्यात पडावं. संध्याकाळी ते तेल गाळून पुन्हा मलाच. वीट, डबा, आणि दाराच्या चार खेपा. वीस मिनिटं जात.

ही वीस मिनिटं जो माणूस शेजारी उभा राहून रोज सुस्कारे टाकत असे, त्याचं नाव श्रीनिवास देवस्थळी. साहेबांचा शेजारी आणि त्याच प्रयोगशाळेतला अधिकारी. १९७० पासून तो माझ्या पुढच्या डाव्या सीटवर बसून कामावर जात होता. फुकट. मला तेव्हा त्याचंही वाईट वाटत नसे.

"काय सबनीस," तो डब्याकडे बघून म्हणे, "आज म्हैस किती देणार? दोन लिटर की तीन?"

"देईल तितकं," साहेब म्हणत.

"चंडीगडात गोठा काढा एक."

कधी तो बुटाच्या टोकानं डबा नीट आत सरकवे. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या डब्याला त्याचा बूट किती वेळा लागला असेल ते मी मोजलेलं नाही, पण शंभराच्या आत नक्की नाही. पुढे जे घडलं ते ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

आता माझा माणूस. नाजर सिंग मिस्त्री. मणिमाजऱ्याच्या मोटार बाजारात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक खाट आणि भिंतीवर टांगलेले पाने. पण त्या माणसाचा उजवा हात! माझ्या कार्ब्युरेटरचा एक बारीक स्क्रू आहे, केसाइतका फिरवला तरी चाल बदलते. नाजर सिंग डोळे मिटून, मान किंचित कलती करून तो फिरवे आणि माझा श्वास सरळ होई. "हुण बोली," तो म्हणे. आता बोलली. इंग्लंडच्या कारखान्यात शेकडो हात माझ्यावरून गेले असतील, त्यातला एकही मला आठवत नाही. हा आठवतो.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो सायकलवरून पुलापाशी येई, माझं बॉनेट उघडून काय हवं नको ते बघे. पैशांचं तो कधी स्वतःहून बोलला नाही.

पंजाबातले अतिरेक्यांचे ते दिवस तुम्हांला आठवत असतील. रोज सकाळच्या पेपरात मेलेल्यांचे आकडे. बसमध्ये ट्रान्झिस्टर पडलेला दिसला तर हात लावू नका, बॉम्ब असेल, अशा पाट्या. पंचकुल्याहून चंडीगडात शिरताना हाउसिंग बोर्डच्या चौकात नाका. वाळूची पोती, पोत्यांवर बंदुका. अंधार असेल तर पुढचे दिवे मालवायचे, आतला दिवा लावायचा, हळू यायचं आणि तोंडं दाखवायची, असा तिथला रिवाज. आतला दिवा लागला नाही तर पलीकडचा माणूस काय समजेल याचा भरवसा नाही.

माझा आतला दिवा कधीच गेला होता. नाजर सिंगनं सायकलच्या दिव्याचा छोटा बल्ब माझ्या छताला बसवला. "डॉक्टर साब, मूँह दिसणा चाहीदा," तो हसत म्हणाला. "तुहाडा मूँह शरीफ ऐ, मेरा ज़माना नहीं वेखदा." तोंड दिसलं पाहिजे. तुमचं तोंड सभ्य आहे, माझं हल्ली कोणी बघत नाही.

साहेब ओशाळून म्हणाले, "नहीं नहीं, ऐसा कुछ नहीं है नाजर सिंगजी." मग थोडं थांबून, "मतलब... कुछ लोग होंगे."

१९८८ च्या मे महिन्यात, एका संध्याकाळी, उतारावरूनही मी सुरू झाले नाही. उन्हानं पेट्रोल नळीतच उडत होतं. योगायोगानं नाजर सिंग तिथे होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि देवस्थळीला धक्का द्यायला सांगितलं. प्रयोगशाळा सुटलेली, शिपाई, कारकून, नव्या मुली, सगळे त्याच रस्त्यानं जात होते. देवस्थळी क्रीम रंगाच्या सफारीत. त्यानं खांदा लावला.

"ज़ोर लाओ बाऊजी!" नाजर सिंग पुढून ओरडला. "रोटी हज़म हो जाऊगी!"

देवस्थळीनं जोर लावला, मी एकदम सुटले, आणि तो माझ्या मागे गुडघ्यांवर आपटला. पँट मागून उसवली ती पार पट्ट्यापर्यंत. नाजर सिंग हसला. मोठ्यानं, डोक्यावरची पगडी हलेल इतका हसला. मग शिपाई हसले, आणि मग मुली. साहेबही हसले बहुधा. मीही फटफट आवाज करत होते, तो हसण्यासारखा वाटला असेल तर मला माहीत नाही.

घरी पोचल्यावर देवस्थळी पाठ भिंतीला लावतच आपल्या दारापर्यंत गेला.

पुढचा शुक्रवार. सकाळी आठ बावन्नला साहेबांनी मला उतारावर लावलं. वीट ठेवली. डबा पोटाखाली सरकवला, त्याचा पत्रा डांबरावर घासला तो आवाज मला आजही ऐकू येतो. दाराच्या चार खेपा झाल्या आणि दोघे चालत गेले.

दुपारी एकच्या सुमारास नाजर सिंग आला. तेल जास्त ठिबकायला लागलं होतं म्हणून एक नट आवळायला पाठीवर आडवा होऊन माझ्याखाली शिरला. त्याच वेळी देवस्थळी पान खायला पुलापर्यंत आला. त्यानं पाहिलं. माझ्याखालून बाहेर आलेले दोन पाय, त्याच्या ओळखीची सायकल, त्याच्या ओळखीचा डबा. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग वळला, पुलाजवळच्या एका फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या चौकीत गेला आणि तिथला फोन उचलला. बोलताना तो हातानं माझ्याकडे दाखवत होता.

मी शंका काढणारी गाडी आहे, म्हणून ही शंकाही काढून पाहिली आहे. तो खरंच घाबरला असेल का? त्या दिवसांत कोणीही घाबरलं असतं. गाडीखाली डबा आणि डब्याशी सरदार, एवढं पुरेसं होतं. पण तो डबा त्याच्या बुटाच्या ओळखीचा होता हो. 'म्हैस' हे नावही त्यानंच ठेवलेलं होतं. नाही. मी पुष्कळदा विचार करून पाहिला. भीती नव्हती ती, उसवलेली पँट होती.

दहा मिनिटांत पोलिसांच्या जीपा आल्या. नाजर सिंगला पाय धरून बाहेर ओढलं. पगडी माझ्याखालीच राहिली. "तेल दा डब्बा ऐ जी, तेल दा," तो सांगत होता. दूरवर दोरी बांधून लोकांना अडवलं होतं. कोणीतरी साहेबांना बोलावून आणलं.

अधिकारी तरुण होता, घामाघूम झालेला. "गाड़ी आपकी है?"

"जी हाँ."

"इस आदमी को जानते हैं?"

"मिस्त्री है. मेरी गाड़ी यही देखता है."

"डिब्बा किसने रखा?"

इथे सगळं थांबलं होतं. नाजर सिंग साहेबांकडे बघत होता, केस सुटलेले, दोन्ही हात मागे धरलेले. साहेबांनी फक्त 'मी' म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नाहीत.

"मैं ही रखता हूँ. रोज़." साहेब आठवत होते, आणि ते खरोखरच आठवत होते, हे मला दिसत होतं. "आज सुबह भी... रखा होगा. शायद."

"शायद क्या होता है? पक्का बोलिए. आपने रखा या इसने रखा?"

"पक्का..." साहेबांचे ओठ हलले. "पक्का तो मैं नहीं कह सकता. आदत की बात है, याद नहीं रहता."

मला माहीत होतं. माझ्या पोटाखाली तो पत्रा आठ बावन्नला घासला होता. मला हॉर्न आहे, दोन हात आहेत, आणि त्या क्षणी यातलं काहीही हललं नाही. डबा लागला तोही माझ्या गळतीमुळे. हे मी लपवत नाही.

नाजर सिंगला जीपमध्ये घातलं. डब्यात तेल आहे हे अर्ध्या तासात सिद्ध झालं. पण एकदा नेलेला माणूस अर्ध्या तासात परत यावा, असे ते दिवस नव्हते.

त्या संध्याकाळी पद्मिनीबाई शेडपर्यंत ओरडत आल्या. "अहो, एक शब्द नीट बोलता येईना तुम्हांला? एक?"

"खोटं कसं बोलू, पद्मिनी? मला आठवतच नव्हतं."

"खोटं कुठे होतं ते! इतकी वर्षं तुम्हीच ठेवता ना डबा?"

त्यांची मुलगी उल्का तेव्हा कॉलेजात होती. मराठी तिला सगळं कळे, पण बोले हिंदीतच. दारात उभी राहून ती म्हणाली, "पापा, पक्का बोल देते ना. आपका क्या जाता था?"

 साहेब माझं दार लावून आत गेले आणि परत आले नाहीत, एकदासुद्धा. आयुष्यात प्रथमच दार एका खेपेत लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ते धावपळ करू लागले. पत्रं लिहिली, वरिष्ठांना भेटले, चौक्यांच्या बाहेर बाकांवर बसले. रोज मीच नेत होते, आणि डाव्या सीटवर देवस्थळी. "तुम्ही काय करणार होतात, सबनीस," तो समजूत घाली. "काळच तसा आहे. आणि खरं सांगू, या लोकांचं आपण काय सांगावं?" साहेब म्हणत, "तुम्ही बरोबर आहात म्हणून धीर आहे, देवस्थळी." माझं रेडिएटर त्या आठवड्यात तीनदा उकळलं. कारण विचारू नका.

नवव्या दिवशी नाजर सिंग सुटला. तिथे काय झालं ते मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हते. महिन्याभरानं साहेब मला मणिमाजऱ्याला घेऊन गेले. त्यानं सवयीनं डोळे मिटले, मान कलती केली आणि उजवा हात माझ्या स्क्रूवर ठेवला. तीन बोटं वळतच नव्हती. त्याला स्क्रू लागत नव्हता. बोट घसरून नळीवर जाई, परत येई, पुन्हा घसरे. थोड्या वेळानं त्यानं हात काढून घेतला आणि कापडाला पुसला, जसं काही तेल लागलं होतं.

"हुण ऐदां ही चल्लू," तो म्हणाला. आता अशीच चालेल.

तेव्हा मी डूख धरला. देवस्थळीवर.

गाडीला सूड घ्यायचा तर साधनं थोडी. पण मी कंजुषी केली नाही. त्याच्या सीटची स्प्रिंग वर काढली आणि त्याच्या तीन पँटी फाडल्या. पावसात तळाचं भोक त्याच्या बाजूला वाढवलं, तो ओले मोजे घालून बैठकांना बसे. त्याला कोपर खिडकीबाहेर ठेवायची सवय होती. डावीकडे वळायचं असलं की माझा हात टक् करून बाहेर येई आणि बरोबर कोपराच्या हाडावर बसे. वळायचं नसलं तरी बसे.

"सबनीस, ही गाडी माझ्यावर खार खाऊन आहे," तो एकदा कोपर चोळत म्हणाला.

"यंत्राला कसला राग, देवस्थळी?" साहेब हसले.

पण कोपर आणि मोजे म्हणजे काय? तीन बोटांपुढे ते काहीच नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मी वाट पाहत होते.

१९९१ च्या जानेवारीत संधी आली. देवस्थळीला दिल्लीत मोठ्या जागेच्या मुलाखतीला बोलावलं होतं. त्या दिवशी बंद होता, बस नाही, रिक्षा नाही, आणि सकाळची रेल्वे गाठायची होती. साहेब म्हणाले, "मी सोडतो स्टेशनवर." भल्या सकाळी आम्ही निघालो. धुकं असं की माझं मलाच नाक दिसेना. देवस्थळीच्या मांडीवर खाकी कापडात गुंडाळलेली हातभर लांब पितळी नळी होती. त्यानं तयार केलेली दुर्बीण, मुलाखतीत दाखवायची.

हाउसिंग बोर्डचा नाका आला. साहेबांनी दिवे मालवले, छताचा बल्ब लावला. नाजर सिंगनं लावलेल्या त्या बल्बचा उजेड देवस्थळीच्या तोंडावर आणि त्या नळीवर पडला.

आणि मी बंद पडले. नेमकी पोत्यांच्या समोर, जिथे थांबायचं नसतं तिथे.

मी ठरवून बंद पडले. असं मला वाटतं. थंडीनं वायर ओली झाली असेल, हेही शक्य आहे. पण मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. त्यानंही एकदा तिथे उभं राहावं, जिथे नाजर सिंग उभा होता. कोणीतरी त्याच्याकडे बोट करून विचारावं. साहेब शेजारी होते, गोळी सुटली असती तर ती कोणाला लागली असती याचा विचार मी केला नव्हता. सुडाला एवढं दिसत नाही.

चार बंदुका पुढे आल्या. "उतरो! हाथ ऊपर! ये क्या है?"

देवस्थळी नळी पुढे करून सांगायला गेला. "दू... दूर... वो... यंत्र..." नळी हातातून सुटून पायात पडली, तशी एकानं त्याची मानगूट धरली.  काय सांगू तुम्हांला, पोटात तेल नवं भरल्यासारखं वाटलं मला.

जवान साहेबांकडे वळला. "आप इसको जानते हो?"

मी वाट पाहत होते. आता येणार. बहुतेक, अधिक-उणे, शायद. या माणसानं आयुष्यात दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"पक्का जानता हूँ," साहेब म्हणाले. आवाज एवढा मोठा होता की धुक्यापलीकडचे जवानही वळले. "बीस साल से. मेरे पड़ोसी हैं. वो दूरबीन है, इन्होंने खुद बनाई है. मैं लिखकर देता हूँ."

एका दमात. एकदाही न अडखळता.

त्यांनी देवस्थळीला सोडलं. दोन जवानांनी मला धक्का दिला, आणि मी सुरू झाले. रागाच्या भरात कशी सुरू झाले कळलं नाही. रेल्वे मिळाली. फलाटाकडे जाताना देवस्थळीनं साहेबांचे दोन्ही हात धरले. "सबनीस, तुमचे उपकार..." म्हणाला आणि रडला. दिल्लीची जागा त्यालाच मिळाली. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं. फोन कोणी केला होता हे साहेबांना अजून माहीत नाही.

साहेब स्टेशनबाहेर येऊन बसले, बटण ओढलं. मी सुरू झाले नाही. हमालांनी धक्का दिला, नाही झाले. शेवटी टेम्पोला बांधून घरी आणलं. तेव्हापासून अशीच आहे.

पद्मिनीबाई म्हणतात, त्या दिवशी साहेबांना नाजर सिंगच आठवला असणार, म्हणून 'पक्का' निघालं. ते शिकले. शिकले असतील. पण नाजर सिंगच्या हातावर शिकले, आणि फळ दिलं देवस्थळीला. अडीच वर्षं मी ज्याच्यावर डूख धरला तो माणूस निघून गेला. डूख मात्र इथेच आहे, आणि आता तो रोज सकाळी फडकं घेऊन माझी काच पुसायला येणाऱ्या माणसावर आहे. पंचवीस वर्षं मी ज्याच्यावर जीव लावला त्याच माणसावर. हे मला बोचतं. तरी तो जात नाही.

सगळे मिस्त्री हरले तेव्हा, गेल्या महिन्यात, साहेबांनी निरोप पाठवला आणि नाजर सिंग बसनं आला. आता तो मणिमाजऱ्यातच मोटारींच्या सीटची कव्हरं विकतो. डाव्या हातानं त्यानं बॉनेट उघडलं, डोळे मिटले, साहेबांना हँडल मारायला सांगितलं आणि ऐकत राहिला. बराच वेळ.

"इंजन विच कुझ नहीं, डॉक्टर साब," तो म्हणाला. "गड्डी रुस्सी होई ऐ." इंजिनात काही नाही. गाडी रुसली आहे.

साहेब निवृत्त झालेले, पांढरे, हँडल हातात धरून उभे. त्यांचे ओठ हलले. तेव्हा बोलायचं होतं ते बोलतील, असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "चालू हो जाएगी कभी?"

नाजर सिंगनं बॉनेट खाली केलं. ते लागलंय की नाही हे एकदाच दाबून पाहिलं. मग साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "शायद, डॉक्टर साब."

आणि चहा न घेता गेला.

त्या दिवसापासून साहेब सकाळी काच पुसून झाली की आत येऊन बसतात. दार लावून घेतात. दोन्ही हात चाकावर ठेवतात आणि समोरच्या पत्र्याकडे बघत हळू आवाजात म्हणतात, "डिब्बा मैंने रखा था. पक्का." पुन्हा म्हणतात. कधी 'पक्का' आधी येतं, कधी नंतर. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं पाठ करतात तसं.

साहेब, मी ऐकते आहे. वाक्य बरोबर आहे, त्यात अधिक-उणे काही नाही. पण ते मला कशाला सांगता? मला ते आठ बावन्नपासून माहीत आहे. आणि मी काही तुम्हांला तिथे नेणार नाही.

मणिमाजरा इथून चार किलोमीटर आहे. चालत जा.